परत येशील ना, बाई?

राजूरहून आम्ही बोलतो आहोत. आम्ही म्हणजे गटाची वही सांभाळणाऱ्या आणि गटात सतरंजीवर बसणाऱ्या सगळ्याच जणी. लिहिणारी एक, पण सांगणाऱ्या पुष्कळ. आमचं गाव कोळशाचं नि चुन्याचं, वणीच्या शेजारचं. इथे अमेरिकेचा विषय निघायचं तसं काही कारण नव्हतं. तो निघाला गटाच्या बैठकीत, कर्जाच्या अर्जावरून.

आमच्या एका ताईंची पुतणी डॉक्टर झाली. एमबीबीएस. तिला लहान मुलांच्या मेंदूच्या नि नसांच्या आजारांचं पुढचं शिक्षण घ्यायचं आहे आणि त्यासाठी अमेरिकेत अर्ज करायचा आहे. परीक्षेच्या फीचे पैसे कमी पडले म्हणून काकूंनी गटाकडे कर्ज मागितलं. गटात दोन मिनिटं कुणी बोललंच नाही. मग एक मावशी म्हणाल्या, "पोरगी जाईल, तिकडंच राहील. आपल्याला काय?" त्याच बैठकीत दुसरी एक जण बसली होती. तिच्या सात वर्षांच्या मुलाला झटके येतात. आपल्याकडे मिरगी म्हणतात, ते. तिने दोन वर्षं कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली, देवऋषी केला, आणि शेवटी वणी-वरोरा करत नागपूर गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासून गोळ्या सुरू केल्या आणि झटके कमी झाले. ती हळूच म्हणाली, "शिकू द्या तिला. असा डॉक्टर मिळायला मला दोन वर्षं लागली."

ठराव त्या दिवशी झाला नाही. पुढच्या बैठकीत घेऊ म्हटलं. मधल्या महिन्यात आम्ही जरा मागचं वाचून काढलं, कारण अमेरिकेत डॉक्टरकी शिकायला अर्ज करणारी आपल्यातली पहिली पोरगी काही ही नव्हे. पहिली १४० वर्षांपूर्वी गेली. तिचं नाव तुम्हाला माहीत आहे, आनंदीबाई जोशी. २०१९ साली तिच्यावर सिनेमाही आला, आमच्यातल्या काहींनी मोबाईलवर पाहिला. पण सिनेमात नवऱ्याचा हट्ट जास्त लक्षात राहतो. आम्हाला बघायचा होता तिचा अर्ज.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, कल्याणचा. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं, टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशींशी. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर धड वैद्यकीय मदत मिळाली नाही. चौदा वर्षांची आई, दहा दिवसांचं बाळ. इथे आम्ही वाचताना थांबलो, कारण आमच्या बैठकीत अशा जणी आहेत ज्यांना हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. आपण डॉक्टर व्हायचं हे तिच्या मनाने त्यानंतर घेतलं.

अमेरिकेला पहिलं पत्र गेलं ते तिचं नव्हे, गोपाळरावांचं. १८८० मध्ये त्यांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलं की बायकोला शिकवायचं आहे, मला तिकडे काही काम मिळेल का. उत्तर आलं की ख्रिस्ती होणार असाल तर मदत करू. जोशी नवरा-बायकोला ते मान्य नव्हतं. गोष्ट तिथेच संपायची. पण वाइल्डरसाहेबांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला होता. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दातांच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या, तिथे तो अंक त्यांच्या हाती आला. बाईंनी घरी येऊन आनंदीबाईंना पत्र लिहिलं. ओळख ना पाळख. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत आपण पण बसतो बयांनो, पण तेवढ्या वेळात कुणाचं आयुष्य बदलेल असं काही वाचत नाही.

जायचं ठरल्यावर लोकांच्या तोंडाला काय झाकण. तेव्हा गोपाळरावांची बदली बंगालात सेरामपूरला झाली होती. तिथे कॉलेजच्या सभागृहात २४ फेब्रुवारी १८८३ ला आनंदीबाई उभ्या राहिल्या आणि लोक जे प्रश्न विचारत होते त्यांची एकेक करून उत्तरं दिली. अमेरिकेलाच का? इथे शिकायची सोय नाही का? एकटी का? परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचं काय? तिकडे काही बरंवाईट झालं तर? आणि आजवर कुठल्या बाईने जे केलं नाही ते तूच का करायचं? वय पुरतं अठराही नव्हतं. आम्ही हे सहा प्रश्न मोठ्याने वाचले तेव्हा सगळ्या हसल्या, कारण आमच्या बैठकीत यातले चार विचारून झाले होते. जातीचा तेवढा कुणी काढला नव्हता, आणि आता तो काढायचं कारणही नाही.

त्या भाषणात तिने साफ सांगितलं की या देशात बायकांना बाई डॉक्टरची फार गरज आहे, मी त्यासाठी जाते आहे, आणि जशी हिंदू म्हणून जाते तशीच परत येईन. भाषणाची बातमी वर्तमानपत्रांत आली, मदतीचे पैसे येऊ लागले. म्हणजे बघा, तिच्या फीसाठीही वर्गणीच झाली. ७ एप्रिल १८८३ ला ती कलकत्त्याहून जहाजात बसली. नवऱ्याला रजा मिळाली नव्हती, तो मागे राहिला. जून महिन्यात न्यूयॉर्कला उतरली तेव्हा कार्पेंटरमावशी बंदरावर हजर होत्या.

आता तो अर्ज. २८ जून १८८३ ला रोझेलहून तिने फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला पत्र लिहिलं. हे कॉलेज १८५० पासून खास बायकांनाच डॉक्टर करत होतं. आजकाल अर्ज म्हटला की आपण आपले गुण वाढवून सांगतो. हिने उलटं केलं. माझी तयारी तुमच्या नियमाप्रमाणे सगळ्या बाबतीत कदाचित पुरी नसेल, हे कबूल केलं. मग लिहिलं की माझ्या माणसांचा नि माझ्या जातीचा विरोध सोसून मी इथवर आले आहे, तेव्हा शिकण्याचा निश्चय किती आहे ते यावरून समजून घ्या. आणि का शिकायचं? तर माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरचा हात लागण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना मदत करायची आहे. स्वतःसाठी काही मागणं नव्हतं. कॉलेजच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी तिला दाखल करून घेतलं, शिष्यवृत्तीही मिळाली.

तिच्या आसपासच्याच वर्षांत त्या कॉलेजात जपानची केई ओकामी आणि सीरियाची साबात इस्लामबूली याही होत्या. १८८५ सालचा तिघींचा एक फोटो आहे. एक लुगड्यात, एक किमोनोत, एक आपल्या सीरियन पोशाखात. आज ज्यांना परदेशी पदवीचे डॉक्टर म्हणतात, त्यांच्या पणज्याच म्हणा ना.

थंडी फार, आणि खाणंपिणं परकं. तब्येत ढासळत गेली, क्षयाने पोखरलं. तरी ११ मार्च १८८६ ला तिला पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय हिंदू लोकांमधलं प्रसूतीशास्त्र. समारंभाला इंग्लंडहून पंडिता रमाबाई गेल्या होत्या. याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली डॉक्टर झाल्या, हेही सांगायला हवं, नाहीतर पहिली कोण यावर उगाच भांडणं होतात.

आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. आनंदीबाई परतण्याआधीच इथे त्यांची जागा ठरली होती. कोल्हापूर संस्थानाने कळवलं होतं की आमच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातला बायकांचा विभाग तुम्ही सांभाळा. पदवी हातात, नोकरी वाट बघते आहे. त्या परत आल्या. पण दुखणं सोबत घेऊन आल्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. एकही रोगी तपासायला त्या कोल्हापूरला पोचल्या नाहीत. त्यांच्या अस्थी कार्पेंटरमावशींकडे पाठवल्या गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. म्हणजे शब्द पाळून ती परत आली, आणि शेवटी तिचा दगड तिकडेच उभा राहिला.

एवढ्यावर थांबलो असतो तर त्या मावशींनी म्हटलं असतं, "बघा, म्हणून म्हणते." म्हणून दुसरीची गोष्ट पण सांगतो. ती आनंदीबाईंइतकी कुणाला माहीत नाही, हे आम्हाला पटत नाही.

रखमाबाई. जन्म १८६४ चा, मुंबईचा, सुतार समाजातली. अकराव्या वर्षी लग्न लावलं, पण ती नवऱ्याकडे नांदायला गेली नाही, आईकडेच राहिली आणि शिकली. तिचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन तिच्या बाजूने होते. नवऱ्याने १८८४ मध्ये कोर्टात दावा टाकला. १८८७ मध्ये निकाल आला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंग चालेल. साऱ्या देशात आणि विलायतेत गाजलं ते प्रकरण. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन नवऱ्याने दावा सोडला. मग मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉक्टर एडिथ पेची यांनी तिला डॉक्टर हो म्हणून धीर दिला, पैसे जमवायला मदत केली. १८८९ मध्ये ती लंडनच्या बायकांच्या मेडिकल स्कूलमध्ये गेली, १८९४ मध्ये शिक्षण पुरं केलं. एमडीची परीक्षा तिने ब्रसेल्सला जाऊन दिली. १८९५ मध्ये ती परत आली, आणि आधी सुरत, मग राजकोट, असं बायकांच्या दवाखान्यांत तीसहून जास्त वर्षं काम केलं. १९५५ पर्यंत जगली. नव्वद वर्षं.

तिलाही आल्यावर जागा होती. दवाखाना होता, खुर्ची होती, रोगी होते. आणि जागा असूनही मान नसला तर काय होतं, ते त्या फोटोतल्या जपानच्या केई ओकामीचं बघा. ती परत गेली, तोक्योच्या रुग्णालयात लागली, पण जपानच्या सम्राटाने बाई डॉक्टर म्हणून तिची भेट नाकारली, तेव्हा तिने ते रुग्णालय सोडलं.

आता आमच्या पोरीच्या अर्जाकडे. तिने आम्हाला फोनवर तासभर समजावलं, आम्हाला कळलं तेवढं सांगतो. आनंदीबाईंच्या काळी लहान मुलांच्या मेंदूचा असा वेगळा डॉक्टरच नव्हता. १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्नार्ड सॅक्स या डॉक्टरांनी मुलांच्या मज्जासंस्थेच्या आजारांवर मोठं पुस्तक लिहिलं. या डॉक्टरांची अमेरिकेतली संघटना तर १९७२ ची. झटके, जन्मापासूनचा अर्धांग, मान न धरणं, उशिरा बोलणं, हे सगळं त्यांच्याकडे येतं.

अमेरिकेत आता एक पत्र लिहून भागत नाही. परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची पदवी तपासून प्रमाणपत्र देणारी एक संस्था तिकडे १९५६ पासून आहे. आधी दोन मोठ्या परीक्षा, त्या भारतात बसून देता येतात. एकेका परीक्षेची फी हजार डॉलरच्या घरात. वर इंग्रजीची वेगळी परीक्षा. मग सप्टेंबरात अर्ज, शिफारसपत्रं, आणि हे काम का करायचं आहे याचं एक पानभर निवेदन. मग मुलाखती. मग गंमत अशी की उमेदवार आपल्या पसंतीच्या रुग्णालयांची यादी देतात, रुग्णालयं आपल्या पसंतीच्या उमेदवारांची, आणि संगणक दोन्ही याद्या जुळवतो. निकाल मार्चमध्ये. आमच्या एकीने लगेच विचारलं, "म्हणजे पत्रिका जुळवतात?" तसंच काहीसं. जुळलं तर जुलैपासून पाच वर्षं, दोन मुलांच्या सर्वसाधारण आजारांची आणि तीन मेंदूची. त्या पाच वर्षांत पगार मिळतो, हे ऐकल्यावर कर्जफेडीची काळजी करणाऱ्यांचे चेहरे सैल झाले.

आणि आता ऐका. या डॉक्टरांना बहुधा जो व्हिसा मिळतो, त्यासाठी आपल्या सरकारच्या आरोग्य मंत्रालयाचं पत्र लागतं की आमच्या देशाला अशा डॉक्टरची गरज आहे आणि ही शिकून परत येणार आहे. शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. म्हणजे सेरामपूरच्या सभागृहातला तो शब्द आता सरकारी कागदावर लिहून घेतात.

पण त्यातून सुटायची एक वाट आहे. अमेरिकेतल्या ज्या भागांत डॉक्टर जात नाहीत, तिथे तीन वर्षं काम केलं तर ही अट माफ होऊ शकते. दर राज्याला वर्षाला अशा तीस जागा. हे कळल्यावर गटात कालवा झाला. म्हणजे त्यांच्याकडे पण राजूर आहेत! त्यांच्या आडगावांना पण मुलांचा डॉक्टर मिळत नाही! आणि ते काय करतात, तर आपली पोरगी ठेवून घ्यायला कायद्यात जागा काढून ठेवतात. कोल्हापूरने १८८६ मध्ये जे आनंदीबाईंसाठी केलं, तेच ते आज करताहेत.

तेव्हा "परत येशील ना, बाई?" हा प्रश्न आमच्या तोंडून निघाला खरा, पण त्याच बैठकीत आम्ही स्वतःलाही विचारला. ती आली तर बसेल कुठे? आपल्या जिल्ह्यात तिला कोण जागा देईल? झटक्यांच्या मुलाच्या मेंदूचा आलेख काढायचं यंत्र, ते वाचायला माणूस, बारा महिने मिळणाऱ्या गोळ्या, हे तिच्यासाठी कोण मांडून ठेवणार आहे? पोरीला शपथ घालणं सोपं. २०१३ पासून अंगणवाडीत नि शाळेत मुलांना तपासायला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. या योजनेची सुरुवात आपल्या महाराष्ट्रातच, पालघरला झाली. आमच्यातल्या कितीजणींनी आपलं पोर त्या दिवशी मुद्दाम शाळेत पाठवलं? हात वर करा म्हटलं तर फार हात वर झाले नाहीत. ज्या गावात रोगी मोजलेच जात नाहीत, तिथे डॉक्टरची जागा कोण मागणार?

जाता जाता, नागपूरच्या डॉक्टरांनी त्या माउलीला सांगितलेलं इथे सांगून टाकतो, कारण उपयोगी आहे. झटका आला की मुलाला कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोकदार सामान बाजूला करा, तोंडात चमचा, पाणी, काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबला नाही तर थेट दवाखाना. कांदा भाजीसाठी ठेवा.

पुढच्या बैठकीत ठराव झाला. सगळी रक्कम नाही, गटाला झेपेल तेवढी, एका परीक्षेच्या फीपुरती, काकूंच्या नावावर. वहीत कर्जाचं कारण या रकान्यात "शिक्षण" लिहिलं. परत येण्याची अट घालावी असं दोघींचं म्हणणं होतं, ती घातली नाही. त्याऐवजी दुसरा ठराव केला: ग्रामसंघाच्या बायकांनी आशाताईंबरोबर घरोघरी जाऊन झटके येणाऱ्या, उशिरा चालणाऱ्या, न बोलणाऱ्या मुलांची यादी करायची, आणि ती यादी ग्रामसभेत ठेवून जिल्ह्याला पाठवायची. पहिल्याच आठवड्यात दोन घरांनी दार लावून घेतलं. पोरीचं लग्न जमायचं नाही म्हणाले. तिसऱ्या घरची आजी स्वतः नात घेऊन आली.

सही करताना त्या मुलाच्या आईने बोटं मोजली. परीक्षा, अर्ज, मग पाच वर्षं. तोवर तिचा मुलगा चौदा वर्षांचा होईल. तिने पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं, किती उरल्या ते बघितलं, आणि नागपूरची पुढची तारीख कधी आहे ते आम्हाला वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायला सांगितलं.